बोडिलच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या

मी हेस्लेरुपच्या सभाघरातली निळी किटली. डेन्मार्कातल्या या लहानशा गावात तीस कप कॉफी पोटात घेऊन फिरते, आणि बोलायला लागले की तेवढंच भरभरून बोलते. कारखान्यात निळा मुलामा चढवून मला भट्टीत घातलं, तेव्हापासून ऊब मला मानवते. तोटीचा टवका उडालाय तो कार्लोच्या हातून. त्याचं नाव पुन्हा येईलच.

इथला उन्हाळी मेळा एकतीस वर्षं बोडिलनं चालवला. तंबू, बाकं, झेंडे, मुलांच्या शर्यती, सगळं तिच्या डोक्यात. दुपारी तीनला मला उचलून ती गावाला कॉफी पाजायची. तिचा स्वतःचा कप मात्र गार होऊन जायचा. फार राग यायचा मला.

यंदा फेब्रुवारीत मेळ्याची वार्षिक सभा झाली. आमच्याकडे सभेला जायचीच लोकांना धास्ती. गेलं की काहीतरी गळ्यात पडतं आणि मरेपर्यंत सुटत नाही. नऊ डोकी आली.

बोडिल उभी राहिली. "विगोची नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत जेमतेम टिकेल. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण गेली एकतीस वर्षं मेळ्यात आम्ही नवराबायको एका बाकावर बसलो नाही. यंदा मला त्याच्या शेजारी बसायचंय. माझं काम कोण घेणार?"

नऊही जण आपापले बूट निरखू लागले.

"मी चमचासुद्धा उचलणार नाही," डुकरं पाळणारा कार्लो म्हणाला. गावातला एक नंबरचा खडूस. "माझ्या बापानं एकदा पाच मिनिटं म्हणून झेंड्याची दोरी धरली होती. तेवीस वर्षं सुटली नाही!"

सगळे हसले. बोडिल हसली नाही. मला काखेत मारून सरळ घरी गेली.

आठवडाभर स्वयंपाकघरात बसून तिनं आपल्या कामाचे तुकडे पाडले. एका चिठ्ठीवर एकच काम, सुरू किती वाजता, संपणार किती वाजता. 'बाकं पुसणं, दहा ते अकरा.' 'शर्यतीची शिट्टी, एक ते दोन.' अशा त्रेचाळीस चिठ्ठ्या माझ्या पोटात भरल्या, मला सायकलच्या टोपलीत ठेवलं आणि बाई दारोदार निघाली.

"अहो, मला जुळी आहेत, वेळ कुठाय?" सिग्ने म्हणाली. ती गावात नवी सून.

"आत हात घाल."

"झेंडे लावणं, नऊ ते दहा. एवढंच?"

"एवढंच. पुढच्या वर्षी मी आले तर तोंडावर दार लाव."

"माझ्या सासूलाही असंच म्हणाला होतात म्हणे!"

"तिला लिहून दिलं नव्हतं." बोडिलनं चिठ्ठीमागे लिहिलं, 'यानंतर मोकळी', आणि खाली सही ठोकली.

काही घरी ती तीनतीनदा गेली. गुडघा सुजला, तरी थांबली नाही. कार्लोनं दार उघडलं, मला बघितलं आणि दार लावून घेतलं. पण मे संपता संपता मी रिकामी झाले.

मेळ्याच्या दिवशी बोडिल आणि विगो पहिल्या बाकावर बसले. झेंडे लागले, शिट्ट्या वाजल्या, सगळं वेळच्या वेळी. तीन वाजले. शाळेच्या मास्तरांनी कॉफी करून मला भरलं, कप मांडले, आणि त्यांची चिठ्ठी तिथंच संपली. ओतणारं कुणीच नाही!

त्या कामाची चिठ्ठीच नव्हती. बोडिलनं लिहिलीच नव्हती. कॉफी ओतणं हेही काम असतं, हे एकतीस वर्षांत तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

सगळा तंबू सवयीनं तिच्याकडे बघायला लागला. ती सवयीनं अर्धी उठलीच. विगोचा हात बाकावर तिला चाचपडू लागला. आता उठलीस तर संपलं, बाई! बस ना गं! मी आत नुसती खदखदत होते.

"ए, खाली बस!" मागून कार्लो ओरडला. "सगळ्यांना मोकळं करत फिरलीस, स्वतःला कोण करणार?"

त्यानं मला कान धरून उचलावं तसं उचललं. तोटी टेबलाच्या कडेला आपटून टवका उडाला, निम्मी कॉफी टेबलावरच्या चादरीवर सांडली, बोट भाजलं, एक सणसणीत शिवी हासडली. पण पहिला कप विगोला, दुसरा बोडिलला.

गार कॉफीच्या सवयीप्रमाणे तिनं मोठा घोट घेतला. "अगं बाई, भाजलं!" म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

आता हिवाळा आहे. मी सभाघराच्या फळीवर असते. पोटात एकच चिठ्ठी आहे, वाकड्यातिकड्या अक्षरात: 'कॉफी ओतणं, तीन ते चार. कार्लो.' मागे 'मोकळा' असं काही लिहिलेलं नाही.

विगोला आता फक्त उजेड कळतो. पण जीभ भाजली तेव्हा बोडिलचं तोंड कसं झालं होतं, ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला करून दाखवतो. अगदी शेजारून बघितलंय त्यानं.

तुमच्याही मेळ्यात असेल अशी कुणीतरी. कॉफी प्यायच्या आधी जरा बघा, तिचा कप गार तर होत नाहीये ना.