दारापर्यंतची पावलं

मित्रांनो, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराच्या पूर्व भागात रांगेत उभं असलेलं मी एक जुनं लाकडी घर आहे. पोलादाच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी मला बांधलं. माझ्या जिन्याच्या कठड्यावरून कितीतरी पोरं घसरली. नवा रंग लागला की लोक थांबून म्हणत, काय देखणं घर आहे. मग कर्जाचे हप्ते थकले आणि घर बँकेकडे गेलं. जाताना शेवटच्या कुटुंबाने मागच्या दाराची किल्ली शेजारच्या मिस ओडेसांना दिली. वडीलधाऱ्या बाईला इथं आदराने मिस म्हणतात.

आमच्याकडे रिकामं घर फार टिकत नाही. चोर तांब्याचे पाईप उपटून नेतात, मग आग लागते, मग बुलडोझर येतो. समोरचं घर असंच गेलं. म्हणून मिस ओडेसांनी माझ्या खिडक्यांना आपले पडदे लावले. बर्फ पडला की त्या माझ्या दारापर्यंत चालत येत आणि परत जात. पावलं बघून चोरांना वाटावं, आत माणसं आहेत.

त्यांची मुलगी लव्हॉन बाळाला घेऊन त्यांच्याकडेच राहायची. सरकारी अनुदानातून ओस घरं दुरुस्त करून अशा, स्वतःचं घर नसलेल्या कुटुंबांना द्यायची ठरली. उरलेली पाडायची होती. तेव्हापासून लव्हॉन भांडी घासताना माझ्याकडे बघत राही.

पाहणीला अनुदानाच्या कचेरीतले मिस्टर ग्राबोव्स्की आले आणि रस्त्यावरूनच माघारी वळले.

"इथं तर लोक राहतात. अनुदान ओस घरांना आहे."

"ओसच आहे हो ते," मिस ओडेसा म्हणाल्या.

"मग ही पावलं?"

"माझी. ठशाला माझा बूट लावून बघा हवं तर."

"आई, तू इतकं छान राखलंस, की आता ते दुरुस्तीच्या यादीतून सुटेल आणि पाडतील," लव्हॉन पुटपुटली.



मिस ओडेसांनी मागचं दार उघडलं आणि एकेक पडदा उतरवला. गळकं छत, उखडलेली जमीन, सगळं उघडं पडलं. मला फार लाज वाटली. रस्त्यावरून जाणारेही बघत होते. कोण कशासाठी बघतोय, कुणास ठाऊक.

"आहे खरं ओस," साहेब म्हणाले. "दुरुस्तीसाठी घेतो. पण काम उन्हाळ्यात. तोवर पडदे परत लावा, मिस ओडेसा."

पडदे लागले. पण रस्त्यावरच्यांनी बघायचं ते बघून घेतलंय. आता एखादी मोटार दारासमोर हळू झाली, की मला वाटतं, चोरच आले.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत एखादं बंद घर असेल, तर अधूनमधून त्याच्या दारापर्यंत जाऊन या. तेवढ्यानेही ते तग धरतं.

आज पुन्हा बर्फ पडला. मिस ओडेसांच्या पावलांशेजारी लव्हॉनची पावलं उमटली. आणि पायरीजवळ, लव्हॉनचं बोट धरून टाकलेली, दोन अगदी चिमुकली. ती मात्र कुणाला फसवायला नव्हती.