चोरखिशातले पाकीट

मित्रांनो, मी एक जुने पाकीट आहे. रेल्वे स्थानकातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर मी पडून असतो. माझ्या डावीकडे एका पायाचा बूट आहे आणि उजवीकडे कुणाची तरी कवळी. कवळीला वाटते, आपले माणूस जेवत कसे असेल! मला वाटते, माझे माणूस आहे तरी कुठे?

माझे मालक, म्हणजे आजोबा, शिंपी होते. त्यांच्या बायकोची, आजींची, चामड्याची पर्स फाटली, तेव्हा तिच्या धड भागातून त्यांनी मला कापले आणि हाताने शिवले. माझा रंग गेला, पण शिवण आजही उसवलेली नाही. पुढे म्हातारपणी ते विसरू लागले. आधी गिऱ्हाइकांची मापे, मग शेजाऱ्यांची नावे, मग स्वतःच्याच घराचा जिना. तेव्हा आजी म्हणाल्या, "सगळं विसरायच्या आत चार देश तरी बघून येऊ."

प्रवासासाठी आजोबांनी कोटाच्या अस्तरात चोरखिसा शिवला. बोटे काही विसरली नव्हती. कोट उलटा करून पाहिला तरी दिसू नये, इतका बेमालूम खिसा! त्यात मी, माझ्यात पैसे आणि पैशांमागे एक चिठ्ठी. परक्या शहरात पोचल्यावर आजींनी तीवर हॉटेलचे नाव, पत्ता आणि स्वतःचा फोन नंबर लिहिला. आजोबांना वाचता यावे म्हणून सगळे मराठीत, आकडेसुद्धा मराठीच.

मग सुरू झाला त्यांचा नेम. दर वळणावर आजी विचारत, "अहो, आहे ना?"

आजोबा कोटावरून मला दोनदा थोपटत. "आहे."

"एक वेळ डोकं विसरा, पण हे विसरू नका."

"डोकंही तू याच खिशात ठेवायला हवं होतंस," आजोबा म्हणत आणि दोघे हसत. ती थाप मला फार आवडायची. इतकी माया मला कपाटात कोण देणार?

स्थानकाच्या जिन्यापाशी खिसेकापूंपासून सावध करणारा फलक होता. तो पाहताच आजींनी विचारले आणि आजोबांनी थोपटले. फलकाजवळ एक बाई आणि एक माणूस उभे होते. ते फलक वाचत नव्हते. फलक वाचणाऱ्यांचे हात कुठे जातात, ते बघत होते.

फलाटावर आजोबांच्या खांद्यावर अचानक काहीतरी पांढरे सांडले. हळहळत ती बाई रुमाल घेऊन धावली. आजी डाग बघण्यात आणि आजोबा आभार मानण्यात गुंतले. तेवढ्यात दोन बोटे अस्तरात शिरली. मला वाटले, आजोबाच मला काढताहेत, कारण इतकी हलकी बोटे मी फक्त त्यांचीच पाहिली होती. पण मी त्या माणसाच्या बाहीत गेलो.

तो अजून दोन हातांवरच होता, तेव्हा आजींनी विचारले, "अहो, आहे ना?"

रिकाम्या खिशावर दोनदा थाप पडली.

"आहे," आजोबा म्हणाले.

आजींचा जीव भांड्यात पडला. "मग इथेच बसा. सुटे माझ्याकडे आहेत, मी तिकिटं घेऊन आले," असे सांगून त्या गेल्या. बाहीच्या फटीतून मला आजोबा शेवटचे दिसले. गाडी आली होती आणि सगळ्यांबरोबर तेही बाकावरून उठत होते. त्यांना परत बसवायला कुणी नव्हते.

चोराने नोटा काढून मला कचऱ्याच्या टोपलीत फेकले. चिठ्ठी त्याच्या काय कामाची! झाडणाऱ्या बाईने मला इथे आणून दिले. इथल्या कारकुनाने चिठ्ठी सुलटी धरून पाहिली, उलटी धरून पाहिली आणि परत आत सरकवली.

मग एकदा आजींचा आवाज आला. त्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलत होत्या, पण मला सगळे समजत होते.

"हरवलेलं सगळं इथे आणतात ना? आमचे हे हरवलेत."

"माणसं इथे जमा होत नाहीत हो, आजी. पोलिसांकडे जा."

"तिथे तर रोज जाते."

कारकुनाला दया आली असावी. कपाटाची कडी वाजली. "त्यांचं पाकीट-बिकीट काही हरवलंय का? थांबा, बघतो."

मी श्वास रोखला.

"नाही, पाकीट त्यांच्यापाशीच आहे," आजी म्हणाल्या. "त्यात चिठ्ठी आहे. बघून कुणीतरी आणून सोडेल त्यांना. मी विचारलं होतं ना, आहे म्हणाले."

कडी पुन्हा लागली.

मित्रांनो, परक्या गावी जाल तेव्हा माझे एवढे ऐका. फलक पाहून खिसा चाचपू नका. कुणी मायेने अंगावरचा डाग पुसायला आले, तर आधी दोन पावले मागे सरा. आणि घरच्या माणसाचा पत्ता पैशांपाशी कधीच ठेवू नका. तो वेगळा ठेवा आणि तिथल्या लोकांना वाचता येईल असा लिहा. पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात.

आता कधी कधी या बंद कपाटावर दोनदा थाप पडते. बूट म्हणतो, पत्रा तापून वाजतो. असेलही. मी मात्र दर वेळी आतून उत्तर देतो, "आहे."