माझी लघवी, दादाचा रिपोर्ट

दादाने रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि यात करून दे म्हणाला, तोपर्यंत मला वाटत होतं की आमच्या घरात जे वाईट व्हायचं ते होऊन गेलंय.

झालं होतं ते असं. दादा सतरा वर्षांचा. खिशात गांजाची पुडी सापडली म्हणून त्याला तीन महिने सुधारगृहात ठेवलं. आत जाताना त्याला फक्त गांजा माहीत होता. बाहेर आला तेव्हा गोळ्यांचे चार प्रकार, त्यांचे रंग, कुठली कशाबरोबर घ्यायची नाही, सगळं तोंडपाठ. झाली सुधारणा. मग बाल न्याय मंडळाने घरी सोडलं ते एका अटीवर. दहा आठवडे दर सोमवारी देखरेखीच्या मॅडमकडे लघवी तपासून घ्यायची, आणि एकदा जरी काही निघालं तरी परत आत.

नऊ सोमवार काही निघालं नाही. आई दिवसभर इस्त्रीच्या दुकानात उभी असते. दर सोमवारी दादाचा फोन येईपर्यंत तिचा डबा तसाच बंद.

आणि दहाव्या सोमवारी सकाळी ही बाटली. मी विचारलं, घेतलंस का काही? नाही म्हणाला. मग कशाला? तर म्हणे शनिवारी जिन्यात जुने मित्र ओढत बसले होते, हा पाच मिनिटं त्यांच्यात उभा राहिला, तेवढा धूर तपासणीत दिसला तर? मी गाढवापासून सुरुवात केली आणि बरंच वर चढत गेले. आधी मी असं बोलत नसे. शाळेच्या वादविवादात पहिली आले तेव्हापासून माझं तोंड सुटलंय आणि दादा मला भोंगा म्हणतो. त्या दिवशी म्हणाला नाही.

"मी परत तिथे नाही जाणार गं," एवढंच बोलला.

मी बाटली घेऊन संडासात गेले. वर माझी हुशारी बघा, गार पडायला नको म्हणून काखेत धरून ने, हेही मीच शिकवलं. शाळेला दांडी मारून त्याच्याबरोबर गेले.

मॅडमच्या खोलीत फायलींनी फुगलेली दोन कपाटं आणि टेबलावर प्लास्टिकचे कप. दादा कप घेऊन संडासात गेला, शिपाई दाराबाहेर थांबला. कप परत आला. मॅडमने त्यात पट्टी बुडवली, पाच मिनिटं थांबल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला. गांजा नाही, पण अफूच्या जातीचं काहीतरी दिसतंय, म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात विचारलं, खोकल्याचं औषध वगैरे घेतलं होतंस का? त्यानेही असं दिसतं.

हो म्हण ना, दादा! पण याला नेमका तेव्हाच खरेपणा सुचला. मान हलवून नाही म्हणाला.

घसा बसला म्हणून आठवडाभर घरातलं खोकल्याचं औषध मी पीत होते. दोन-दोन झाकणं.

"मॅडम, औषध मी घेतलंय," मी म्हणाले. "ती लघवी माझी आहे."

पुढचा अर्धा तास मॅडम बोलल्या आणि आम्ही ऐकलं. फसवणूक, वय, आईचे कष्ट, सगळं झालं. मग दादाला परत पाठवलं, या वेळी दार उघडं ठेवून आणि शिपायाला समोर उभं करून. तीन ग्लास पाणी लागलं, चाळीस मिनिटं लागली. पट्टी स्वच्छ निघाली. गांजा नाही, अफू नाही, काही नाही.

तेव्हा माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. सतरा वर्षांचा मुलगा नऊ आठवडे स्वतःला धरून ठेवतो आणि दहाव्याला त्याचा स्वतःच्या लघवीवर विश्वास नसतो, इतकं त्याला घाबरवलंय कुणी? मॅडम फसवणुकीचा अहवाल लिहायला लागल्या. मी म्हणाले, लिहा, पण माझंही लिहून घ्या. तशी पद्धत नाही, म्हणाल्या. मी वहीचं पान फाडलं, तिथेच बसून दोन्ही बाजू भरल्या आणि आवक शिक्का मिळाल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. शेवटी कारकुनाने कंटाळून शिक्का मारला.

गुरुवारी मंडळासमोर हजर झालो. आई अर्धा दिवस सुट्टी घेऊन आली होती. मधल्या खुर्चीतल्या सरांनी माझं पान मोठ्याने वाचलं. औषधाचं वाचलं, काखेतल्या बाटलीचं वाचलं, तिथे दोघंतिघं हसले. मग म्हणाले, मुलगा स्वच्छ आहे, परत पाठवत नाही, पण तपासणी आणखी पाच आठवडे. आईने डोळ्यांना पदर लावला.

सरांनी पान फाइलमध्ये ठेवलं. एक ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. नजर तिथे अडकली आणि उडी मारून पुढे गेली, मी पाहिलं होतं. आई माझा हात खाली ओढत होती, दादा डोळ्यांनी नको नको करत होता. काम झालं होतं ना आमचं.

मी उभी राहिले. ती ओळ मला पाठ होती.

"माझ्या भावाला पहिली गोळी सुधारगृहात मिळाली, बिस्किटाच्या पुड्याच्या बदल्यात, आणि ती आणून देणारा माणूस तिथे पगारावर आहे."

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, बाळ, खाली बस. मी म्हणाले, बसते, पण आधी हे लिहून घ्या.