न घातलेल्या कपड्यांचं धुणं

किमतीचं लेबल कपड्याला अडकवायला प्लास्टिकचा एक बारीक धागा असतो. केसापेक्षा थोडा जाड, दोन्ही टोकांना आडवा. कात्री लावली की लेबल सुटून हातात येतं, पण आतलं आडवं टोक शिवणीत कुठेतरी राहून जातं. ते दिसत नाही. साबणाने झिजत नाही, गरम पाण्याने मऊ पडत नाही. कपडा अंगात घालून माणूस हिंडूफिरू लागला, की मात्र ते हळूहळू बाहेर यायला बघतं.

तिला हे ठाऊक होतं. म्हणून लेबल कापताना ती घाई करत नसे. कपडा उलटा करून खिडकीच्या उजेडात धरायची आणि चिमट्याने ते टोक ओढून काढायची. चिमटा लॅबमधला होता, मोडीत निघालेला, साहेबांना रीतसर विचारून घरी आणलेला. असल्या बाबतीत ती फार काटेकोर होती.

टोक निघालं की कपडा दोनदा धुवायचा, कडक उन्हात वाळवायचा, कोपरांवर ब्रशने जरा घासायचा. नवा कपडा जुना दिसायला लागला की घडी घालून पिशवीत, आणि पिशवी रविवारी चर्चच्या मागच्या खोलीतल्या कपाटात. ज्याला गरज असेल त्याने कपाटातून कपडा न्यावा आणि जमेल ते शेजारच्या पेटीत टाकावं, अशी तिथली पद्धत. कपाटाचा नियम चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोने, पाळकीणबाईंनी घालून दिला होता: कपडे वापरलेले असावेत आणि धुतलेले असावेत. "नवं कोरं आलं की घेणाऱ्यांत ओढाताण होते आणि देणाऱ्यांत चढाओढ," त्या म्हणायच्या.

मंडळीत सगळे तिला दानशूर म्हणत. ते ऐकताना तिला पहिल्या पहिल्यांदा लाज वाटायची. आता नुसता थकवा यायचा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला कळलं असतं?

ती इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. काम नेटकं, हात स्थिर. दुपारी डबा संपला की ती फोन काढायची. घ्यायचं म्हणून काही नसायचंच. नुसतं बघायचं. मग एखादा शर्ट, एखादा दिवा, कुणाच्याही मापाचा पायजमा असं काहीतरी समोर यायचं आणि बोट बटणावर जायचं. बोट टेकलं की डोक्यातली सगळी घरघर क्षणभर थांबायची. पंखा बंद केल्यावर खोली कशी होते, तशी. तेवढ्यासाठीच तर सगळं. पार्सल येईपर्यंत ती शांतता केव्हाच विरून गेलेली असायची, आणि खोक्यात निघायची ती वस्तू तिला कधीच हवी नसायची.

पार्सलं लॅबच्या पत्त्यावर येत. दारावरचा रखवालदार तिला पार्सलताई म्हणायचा. "या, पार्सलताई, तुमचं माहेरचं आलंय," म्हणून खोकं पुढे सरकवायचा. ती हसायची. पैसे एका कार्डावर, त्या कार्डाचा हप्ता दुसऱ्या कार्डावर, आणि दोघांचं जमेना तेव्हा फोनवरच मिळणारं झटपट कर्ज. एकाची टोपी दुसऱ्याला घालता घालता स्वतःचं डोकं उघडं पडलेलं तिला रोज दिसत होतं. घरात कुणाला पत्ता नव्हता.

म्हणजे तिला तसं वाटत होतं. सासूबाईंची नजर दोरीवरच्या कपड्यांवर असायची.

"अगं, या घरात माणसं तीन आणि धुणं सात जणांचं," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "बाकीची चौघं कुठे राहतात ते तरी सांग. साबणाचे पैसे मागून आणते."

"लॅबमधल्या बायका देतात, आई. कपाटासाठी."

"धुऊन देत नाहीत वाटतं. शिकलेल्या दिसतात."

ते खोटं तिच्या तोंडून इतकं सहज गेलं, की नंतर ती बराच वेळ बादलीतल्या पाण्याकडे बघत बसली होती.

शनिवारी संध्याकाळी सासूबाई बटाटे सोलत होत्या आणि ती ताटं पुसत होती. दार उघडलं आणि नवरा आत आला. तो शहराची बस चालवायचा. त्याच्या जुन्या जॅकेटची चेन गेल्या थंडीतच तुटली होती आणि तो ते सेफ्टी पिनेने बंद करत असे. नवीन घ्या म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर होतं: "पिन आहे तोवर जॅकेट आहे."

आज अंगावर ते जॅकेट नव्हतं. निळसर राखाडी, जाड अस्तराचं, उंच कॉलरचं दुसरंच होतं. तिच्या हातातलं ताट हातातच राहिलं.

"कोण पाहिजे आपल्याला?" सासूबाई म्हणाल्या. "आमचा मुलगा ड्यूटीवर गेलाय. तो इतका रुबाबदार नाही."

तो लाजल्यासारखा हसला आणि दोन्ही हात पसरून जागच्या जागी फिरला. "चर्चच्या कपाटातलं. उद्यासाठी खुर्च्या लावायला गेलो होतो, तर पाळकीणबाईंनी पिन बघितली आणि अंगावरच चढवलं. खांदे बघ, आई. मला उभं करून शिवल्यासारखे."

"फुकट?"

"छे. खिशात होतं तेवढं पेटीत टाकलं. आठवडाभर चहा घरूनच नेईन."

तिने ताट खाली ठेवलं. त्याच्या खांद्यांचं माप तिनेच घेतलं होतं, तो झोपला असताना, पट्टीने. तेवढं एकच पार्सल तिने खरोखर कुणासाठी तरी म्हणून मागवलं होतं. पण ते हातात आल्यावर लक्षात आलं, की हे त्याला देता येणार नाही. एवढे पैसे कुठून आले, हा पहिला प्रश्न असता आणि त्याच्यामागे बाकीचे सगळे ओळीने आले असते. म्हणून जॅकेट घरच्या कपाटात चादरींच्या खाली राहिलं. परत करायची मुदत उलटून गेली. आणि गेल्या आठवड्यात तिने ते धुऊन चर्चमध्ये ठेवून दिलं. त्याच्या खिशातले पैसे आता पेटीत होते आणि कार्डवाल्यांचे द्यायचेच होते. एका जॅकेटचे पैसे दोनदा जायचे होते आणि पुरते फिटले एकदाही नव्हते.

"आणि ऐक ना," तो खुर्ची ओढून बसत म्हणाला. जॅकेट काढलं नाही. "पाळकसाहेब म्हणाले, उद्या उपासनेत साक्ष दे, देवाने तुझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांग. मी म्हटलं, साहेब, मला कुठलं बोलता येतं? पुढे सरका आणि दारातून बाजूला व्हा, एवढंच मी लोकांशी बोलतो."

"तेवढंच बोल," सासूबाई म्हणाल्या. "मंडळीतल्या पुष्कळांना त्याची गरज आहे."

"नाही पण मग येता येता सुचलं. म्हणजे चर्चमधून निघालो आणि चालत येताना." त्याने घसा साफ केला आणि भिंतीकडे बघून, उभं राहिल्यासारख्या आवाजात बोलू लागला. "आम्ही साधी माणसं. माझे वडील सावकारांना चुकवत मागच्या गल्लीने घरी यायचे, ते मी लहानपणी बघितलंय. देवाने माझ्या दारात तसा दिवस आणला नाही. आमच्या घरावर कुणाचं एका पैशाचं देणं नाही. याचं श्रेय माझ्या बायकोला. आणि गरज होती तेव्हा देवाने कुणा भल्या माणसाच्या हातून..." तो थांबला. "इथे जॅकेट दाखवू का? की बरं दिसणार नाही?"

"बायकोचं राहू द्या," ती म्हणाली.

"का? खरं तेच सांगतोय."

ती शेगडीकडे वळली. पातेल्यातलं पाणी उकळत होतं आणि त्यात अजून काहीच घातलेलं नव्हतं.

तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं असं नाही. देवाला सगळं सांगितलं होतं, रोज, बारीकसारीक हिशेबासकट. त्याला सांगणं सोपं होतं, कारण त्याला आधीच माहीत होतं. मधे एकदा ती पाळकसाहेबांकडेही गेली होती. ते मान खाली घालून ऐकत राहिले. तिला वाटलं होतं, रागावतील, नाहीतर बायबलमधलं वचन दाखवतील. ते म्हणाले, "देवाकडे क्षमा आहे, ती मी तुला खात्रीने सांगतो. पण या ऐकण्यातला एक वाटा तुझ्या नवऱ्याचा आहे, बाई. तो मी ऐकून चालणार नाही. हप्त्यांचं काय ते आपण मिळून बघू. आधी त्याला सांग." सांगते, म्हणून ती बाहेर पडली होती. त्यानंतर ती चर्चमध्ये त्यांच्या नजरेला नजर देणं टाळत होती. तेही विचारत नव्हते. त्यांचं न विचारणं तिला जड जायचं.

उद्या साक्ष द्यायला त्यांनी त्यालाच का सांगितलं असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो बाजूला सारला. पाळकसाहेब तसे डाव टाकणारे नव्हते. त्यांना जॅकेट मिळून खूश झालेला माणूस दिसला, त्यांनी विचारलं. एवढंच.

"अगं, मानेला काहीतरी टोचतंय," नवरा कॉलरमध्ये बोट घालत म्हणाला. "मघापासून. बघ जरा, तुझे डोळे मायक्रोस्कोपचे."

तिने खणातून चिमटा आणला. त्याने मान पुढे वाकवली. केस मागून पांढरे व्हायला लागले होते. तिने इतक्यात जवळून पाहिले नव्हते. कॉलरच्या शिवणीतून ते टोक किंचित वर आलं होतं आणि मानेवर लाल ठिपका उठला होता. जॅकेटचं लेबल कापलं त्या दिवशी सासूबाईंची चप्पल दाराशी वाजली होती, आणि तिने उजेडात धरून बघायचं सोडून कात्री, लेबल, सगळं उशीखाली सारलं होतं. एकदाच झाली होती घाई.

तिने टोक ओढून काढलं. तळहातावर घेतलं.

"काटा?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांनी पुढे वाकून पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा बटाटा हातात घेतला. "लेबलाचं आहे," त्या म्हणाल्या. "नव्या कपड्याला असतं."

"नव्या?" नवऱ्याने तळहात स्वतःकडे ओढला. "म्हणजे त्या बिचाऱ्याने एकदाही अंगाला न लावता देऊन टाकलं? आणि आपण पिनेवर दिवस काढतोय याचं मला कौतुक. केवढं मन असेल बघ. हेही सांगतो उद्या."

त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. चेष्टा असती तर तिने सोसली असती.

जेवण टेबलावर आलं. बटाटे, पाव, सकाळचं थोडं उरलेलं. तिघांनी हात जोडले. एरवी प्रार्थना तोच करायचा.

"आज तू कर," तो म्हणाला. "ज्याने दिलं त्याच्यासाठी. नाव आपल्याला ठाऊक नाही, देवाला ठाऊक आहे."

त्याने डोळे मिटले. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती, लहान मुलासारखी.

लॅबमध्ये रोज सकाळी, रुग्णांच्या रक्ताआधी, ती मशीनमध्ये एक नमुना घालायची. त्याचं उत्तर आधीपासून ठाऊक असे. मशीनने तेच उत्तर दिलं तर पुढचं काम. नाही दिलं तर सगळं थांबवायचं, वॉर्डातून कितीही फोन आले तरी. नव्या मुली कुरकुरायच्या: उत्तर माहीतच आहे तर तपासायचं कशाला? ती शांतपणे सांगायची, आपल्याला नमुना तपासायचा नसतो, मशीन तपासायचं असतं.

"हे प्रभू," तिने सुरुवात केली.

पुढचे शब्द तयार होते. ती कित्येक दिवस तशाच शब्दांवर चालत आली होती. एवढी प्रार्थना म्हटली की जेवण, जेवण झालं की झोप, सकाळी इस्त्रीचा शर्ट, आणि मग तो उभा राहून सगळ्या मंडळीसमोर, देवासमोर, आपल्या आयुष्यातली पहिली खोटी साक्ष देणार. त्याला ती खोटी आहे हे कळणारसुद्धा नाही. ती बाकावर बसून ऐकणार आणि शेवटी आमेन म्हणणार.

ती दमली होती. वस्तू घेऊन, धुऊन, लपवून, देऊन दमली होती. दिवस ढकलण्याइतकी ताकदसुद्धा आता उरली नव्हती.

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "जेवण गार होतंय," त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. मग त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला. बटाट्याच्या पाण्याने थंड झालेला, खरखरीत हात. "बोल. देव कुठे जात नाही. मीही जात नाही."

नवऱ्याने डोळे उघडले आणि दोघींकडे पाहिलं. "काय झालं?"

तिने जोडलेले हात सोडले.

"उद्या साक्ष देऊ नका," ती म्हणाली. "ते जॅकेट मी घेतलं होतं, तुमच्यासाठी, उधारीवर. आपल्या घरावर कर्ज आहे. ते मी केलंय, आणि आज मी तुम्हाला सगळं सांगणार आहे."