गावभर पसरलेलं छप्पर

माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी गाव त्याच्या घरी जेवतं, आणि पोट भरलं की गावाला त्याचे गुण आठवतात. मआलेम बास्सूच्या अंगणात कुसकुसची शेवटची परात रिकामी झाली, चहाचे पेले फिरले, आणि गुणांना सुरुवात झाली.

बास्सू गवंडी होता, आणि मआलेम म्हणजे उस्ताद कारागीर. या डोंगराच्या कुशीतली अर्धी घरं त्याने उभी केली आणि उरलेली अर्धी पडता पडता सावरली. त्याची बायको इत्तो इद्दतीच्या, म्हणजे विधवेने घरातच पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या, पांढऱ्या कपड्यांत स्वयंपाकघराच्या झरोक्याआड बसून पुरुषांचं बोलणं ऐकत होती. मामास नावाची शेजारीण तिच्या बाजूला बसून उरलेलं मटण लहान भांड्यात काढत होती. त्यातलं बरंचसं तिच्या तोंडाच्या वाटेने जात होतं.

"मशिदीचं छत खचलं तेव्हा," बाहेर एकजण म्हणाला, "मआलेम स्वतःच्या खांद्यावर तुळई घेऊन आला. कोणी बोलावलंसुद्धा नव्हतं."

'पहिली,' इत्तो मनात म्हणाली.

"आणि पुरात साकव वाहून गेला तेव्हा? दुसऱ्याच दिवशी दोन तुळया टाकून वाट मोकळी केली की नाही त्यानं?"

'दुसरी नि तिसरी.'

"शाळेच्या मास्तरांची खोली," तिसरा बोलला. "माझा गोठा," चौथ्याने भर घातली. बास्सू कसा रात्रंदिवस गावासाठी राबला, मजुरीसाठी कसा कोणाच्या दारात उभा राहिला नाही, हे सगळे एकमेकांना अशा सुरात सांगू लागले की ही बातमी जणू आजच हाती आली आहे.

मामासने डोळे पुसले. "ऐकतेस ना इत्तो? किती चांगला माणूस होता गं तुझा."

"चांगला होताच," इत्तो म्हणाली. "पण ज्या तुळयांनी चांगला ठरला, त्या माझ्या होत्या."

हे खरंच होतं. मुलगी तुदा जन्मली त्या साली बास्सूने ओढ्याच्या काठाने पॉपलरची रोपं लावली होती. पोर मोठी होईल तशी झाडं होतील, मग घरावर माडीची खोली चढवू, असा बेत होता. पोरीपेक्षा झाडं लवकर वाढली. बास्सूने ती तोडली, सोलली आणि गल्लीच्या भिंतीलगत सुकायला रचून ठेवली. माडीच्या भिंतीही सुरू केल्या. फळ्यांच्या साच्यात ओली माती भरून धुमसाने कुटत कुटत त्या छातीएवढ्या वर आल्या, आणि तिथेच थांबल्या. मग गावात कुठे ना कुठे काही कोसळत गेलं. ढिगातली एक तुळई गेली, पुढच्या साली दुसरी गेली.

बास्सू सांगून नेत नसे. संध्याकाळी घरी आला की अंगणात हात धूत बसे. हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धुवायला लागला की इत्तो समजून जाई. "कोणाकडे गेली?" ती विचारी. तो सांगे. ती भाकरी जरा जोरात थापी. संपलं भांडण.

अगदीच टोचून बोलली तर तो जुनी म्हण पुढे करी. घर पुरं झालं की मरण उंबरा ओलांडतं.

"मग गावातली सगळी घरं पुरी करून देता," ती म्हणे, "त्या लोकांवर तुमचा एवढा राग का?"

तो हसे आणि दरवर्षी थंडीआधी त्या अर्ध्या भिंतींच्या माथ्यावर पेंढा घालून, दगड ठेवून, त्या निगुतीने झाकून घेई. बेत मोडलेला नाही हे दाखवायला तेवढं पुरे, असं त्याला वाटे. शेवटी अर्ध्या घरातूनच तो गेला. म्हणजे म्हणीतही काही दम नव्हता.

आता त्या खोलीवर इत्तोचं सगळंच टेकलं होतं. मुलगा लहसेन कासाब्लांकाहून आला होता आणि त्याने सकाळीच विषय काढला होता.

"आई, खालची खोली गळते. वर आभाळ आहे. तू एकटी. इद्दत संपली की मी गाडी घेऊन येतो, तू माझ्याकडे चल."

"चौथ्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे."

"माझ्या कोंबड्या लिफ्टनं उतरतील का रे चरायला?"

"कोंबड्या मामासकाकीला देऊन टाक."

"तिला दिल्या तर चरायला एकही उरायची नाही."

लहसेन हसला नाही. वाईट मुलगा नव्हता तो. बापाच्या आजारपणात दर आठवड्याला आला होता. "तुदा तुझ्यापाशी राहिली असती तर मी एक शब्द बोललो नसतो," तो म्हणाला. "पण ती राहणार कुठं?"

तुदा याच गावात, सासरी होती. चार भावांच्या चार बायका, एक अंगण, एक चूल, आणि त्या चुलीवर रोज एक लढाई. तिचा नवरा अय्यूब आनंदाने घरजावई व्हायला तयार होता. फक्त घर हवं होतं. तीन पोरांसकट जोडपं काही छातीएवढ्या भिंतींवर पेंढ्यासारखं पसरून ठेवता येत नाही.

बाहेर गावप्रमुख हद्दूने घसा खाकरला, तसं अंगण गप्प झालं. हद्दूला बोलायला आवडे आणि लोकांना ते संपलेलं आवडे.

"मआलेमचं नाव राहिलं पाहिजे," तो म्हणाला. "मी ठरवलंय. गावाच्या तोंडाशी पाण्याचं कुंड बांधू. निळ्या फरशांचं. वर त्याचं नाव. परदेशातली आपली पोरं हातभार लावतील. जाणारायेणारा पाणी पिईल आणि त्याला दुवा देईल."

"छान," सगळे म्हणाले. फरशा निळ्या की हिरव्या यावरून लगेच मतभेदही झाले.

इत्तो उठली. मामासने तिच्या शालीचं टोक धरलं. "अगं, इद्दतीत आहेस."

"उंबऱ्यापर्यंत चालतं."

ती अंगणाच्या चौकटीत येऊन उभी राहिली, शाल तोंडावर ओढलेली. लोक चमकले. घास घशाखाली गेलेले होते, चहा पिऊन झाला होता, दुवा मागून झाली होती. अन्न खाल्लेल्या घरात आता कोणाला तोंड फिरवता येणार नव्हतं. तेवढ्यासाठीच ती थांबली होती.

"हद्दूभाऊ, कुंड नको."

"इत्तोवहिनी, हा तुमच्या मालकाचा मान..."

"तुमच्या पाहुण्यांच्या खोलीत मधोमध जी तुळई आहे, ती कुठून आली?"

हद्दू थबकला. "बास्सूनंच दिली. अल्लाह त्याला जन्नत देवो."

"ती माझ्या माडीची. मशिदीतली माझी, साकवावरच्या दोन माझ्या. मास्तरांच्या खोलीतली, गोठ्यातली, सगळ्या माझ्याच. आता इतका वेळ आत बसून ऐकलं. बरं वाटलं. माझं छप्पर गावभर पसरलंय हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक आहे हे आज कळलं."

गोठ्यावाला आपल्या पेल्यात बघत राहिला.

"तुमची छपरं काढा म्हणत नाही मी," इत्तो जरा मऊ आवाजात म्हणाली. "तो देऊन गेला, ते गेलं. पण त्याच्या नावानं काही करायचंच असेल तर एकेक तुळई आणा. अक्रोड झोडून झाले की मी तिवीझाची हाक घालते. जेवण माझं."

तिवीझाची हाक म्हणजे घरटी एक माणूस, हातात अवजार. या डोंगरात त्या हाकेला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. म्हटलं असेल तर त्याचं नाव कोणी घेत नाही. हद्दूने मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. कोपऱ्यात बसलेला झायद, जो सारा जन्म बास्सूच्या जोडीला धुमस चालवत आला होता, एवढंच म्हणाला, "वहिनी, मी मोजमाप घेऊन ठेवतो."

मामास आत आल्या आल्या हळूच म्हणाली, "माझ्या गाईच्या खोपटातलीसुद्धा तुझीच ना? आता मी कुठून आणू?"

"तुझी मोजणीत नाही. ती मीच त्यांना न्यायला लावली होती," इत्तो म्हणाली आणि मटणाचं भांडं तिच्यापुढून उचललं.

अक्रोड उतरले. तुळया यायला लागल्या, आणि झायदचं डोकं फिरायला लागलं.

त्याने सगळ्यांना नेमकं माप सांगितलं होतं. पण कमी आणली असं कोणी म्हणायला नको, म्हणून पहिल्याने हातभर लांब आणली. ती पाहून दुसऱ्याने दोन हात. गोठ्यावाल्याने, ज्याला त्या दिवशी सर्वांत जास्त लागलं होतं, दरीतून खेचरांवर घालून एवढी लांब आणली की गल्लीच्या वळणावर अडकली आणि ती सोडवताना तिथल्या भिंतीचा टवका उडाला. सर्वांच्या शेवटी हद्दूची आली, सोलून, तेल लावून, चार माणसांच्या खांद्यावर.

झायदने करवत काढली.

"ते कशाला?" हद्दूने विचारलं.

"कापायला. भिंतीच्या बाहेर चाललीय."

"मेलेल्याच्या नावानं दिलेल्या वस्तूला करवत लावणार? माझी नाही कापायची."

"मग याची कापतो."

"माझी का म्हणून?" गोठ्यावाला उसळला. "माझी तर याच्याहून लांब आहे."

"म्हणूनच."

शेवटी झायद वर बघून म्हणाला, "मआलेम, तुम्ही सुटलात." आणि त्याने करवत ठेवून दिली.

कुटाईच्या दिवशी गाव उजाडताच आलं. बायकांनी पाणी वाहिलं, पोरांनी माती, आणि भिंतीवर चढलेल्या पुरुषांनी धुमसाच्या तालावर तेच गाणं धरलं जे बास्सू धरायचा. त्याचा आवाज फाटका होता. आज ते जास्त सुरेल झालं, आणि इत्तोला ते बरोबर वाटलं नाही. पेंढा काढल्यावर खालची जुनी भिंत तशीच निघाली, एकही भेग नाही. झायदने तिच्यावरून तळहात फिरवला आणि माणसांना म्हणाला, "हळू कुटा. खाली त्याची आहे."

संध्याकाळपर्यंत तुळया बसल्या. ओढ्याच्या बाजूने त्या सगळ्या भिंतीबाहेर आल्या होत्या, कोणती वीतभर, कोणती दोन हात, ओळ नाही की मेळ नाही. बास्सूने असली रांग कोणाच्या घराला एक रात्र ठेवली नसती. पण खाली उभे असलेले सगळे माना वर करून आपापली ओळखत होते. बायकोला बोट करून दाखवत होते. ती आपली. नाही, ती नाही, तिच्या शेजारची.

चार महिने दहा दिवस भरले. इत्तोने न्हाऊन पांढरे कपडे उतरवले, आणि दुपारी लहसेनची गाडी आली, मागची जागा सामानासाठी रिकामी ठेवून. सामान एव्हाना वर लागलं होतं, पण तुदाचं. पोरं जिन्यावर उतरचढ करत होती. तुळयांच्या बाहेर आलेल्या टोकांवर मक्याची कणसं वाळत होती आणि खाली कोंबड्या त्यांच्याकडे आशेने बघत होत्या.

लहसेन माडीवर गेला. भिंती ठोकून पाहिल्या, वर पाहिलं, खिडकीतून ओढा पाहिला. दिलेल्या शब्दाला तो जागणारा होता. रिकाम्या गाडीबद्दल काही बोलला नाही.

"छान झाली," तो म्हणाला. मग दाराजवळ वाकला. तिथे कोपऱ्यात हातभर जागा लिंपायची राहिली होती. आतली माती दिसत होती. "हे काय? झायदकाका विसरले?"

"मीच सांगितलं ठेवायला."

"मग पुरं कधी करणार?"

इत्तो नातवाच्या हातातलं कणीस काढून घेऊन पुन्हा तुळईला अडकवत होती.

"का रे?" ती म्हणाली. "तुला घाई आहे?"