एकशे बारा चिठ्ठ्या

चर्चमध्ये काही चुकलं की आपण काय करतो? आवारात उभे राहून कुजबुजतो, घरी जाऊन फणफणतो आणि पुढच्या रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसतो. आपला हा पुस्तकं शिवणारा बाइंडर त्याच्याही पुढे गेला. त्याने पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाच्या, सभासदत्वाचा राजीनामाच लिहून काढला.

कारणही तसंच होतं. रविवारची सकाळी सहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, बंद करावी का, हे लोकांना विचारायचं ठरलं होतं. ही मिस्सा म्हणजे रविवारीही कामावर जाणाऱ्यांची. पहारेकरी, बेकरीतले कामगार, आणि बाइंडरची बायकोसुद्धा, कारण ती इस्पितळात नर्स. बाइंडरने महिनाभर जिने चढून-उतरून लोकांच्या मतांच्या एकशे बारा चिठ्ठ्या जमवल्या आणि पुस्तकं शिवायच्या दोऱ्याने गठ्ठा बांधला. ती त्याच्या धंद्यातली गाठ, कापल्याशिवाय सुटत नाही. गठ्ठा त्याने कौन्सिलच्या उपाध्यक्षाच्या हातात दिला. उपाध्यक्ष त्याचा शाळेपासूनचा मित्र, बाइंडरच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्याने निवडून यावं म्हणून बाइंडरने दारोदार शब्द टाकला होता.

पंधरा दिवसांनी उपाध्यक्षाने माइकवरून जाहीर केलं की, लोकांच्या मताला मान देऊन सहाची मिस्सा बंद होत आहे. त्याच दिवशी दुरुस्त केलेली गीतपुस्तकं ठेवायला बाइंडरने वेदीमागच्या खोलीतलं कपाट उघडलं. गठ्ठा तिथेच होता आणि गाठ जशीच्या तशी होती. त्याने तो आपल्या पिशवीत टाकला.

त्याने मित्राला गाठलं. मित्र हसला. "अरे, लोक काय लिहिणार ते आपल्याला ठाऊकच असतं. तू उगाच मनाला लावून घेतोस."

परक्याने फसवलं असतं तर बाइंडर भांडला असता. इथे घरच्यानेच केसाने गळा कापला होता. लोकांनी विश्वासाने लिहिलं होतं, ते आपल्या हातून कपाटात गेलं, या विचाराने त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. बायकोने एवढंच विचारलं, की आता देवाला भेटायला तिने सुटीचा अर्ज टाकायचा का.

गुरुवारी नेहमीप्रमाणे तो आत्याची औषधं घेऊन तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेला. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, पण जिभेला धार अजून तेवढीच. तिने राजीनामा चष्मा पुसून दोनदा वाचला.

"भाषा झकास आहे. पण जाण्याआधी एक सांग, माझ्या चिठ्ठीत काय होतं?"

"मला काय माहीत? माझं काम गोळा करायचं होतं."

"आणि त्याचं जाहीर करायचं. म्हणजे वाचायचं काम कुणाचंच नव्हतं!" आत्या म्हणाली. "तो खोटं बोलला, ते त्याला तोंडावर सांगायलाच हवं. पण तू निघून गेलास तर या लोकांचं कोण ऐकणार? मी चाळीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. जोडून देणं म्हणजे ऐकणं नव्हे, बाबा."

पिशवीतला गठ्ठा टेबलावर आला. स्वयंपाकघरातल्या सुरीने बाइंडरने स्वतःचीच गाठ कापली. चहा निवला तरी वाचन चालू होतं. मिस्सा बंद करा असं लिहिणारे जेमतेम नऊ होते. एका पहारेकऱ्याने लिहिलं होतं, 'आम्हाला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.' आणि मग ओळखीचं तिरपं अक्षर आलं. 'सहाची असो की आठची, मला तीन मजले उतरवत नाहीत. दोन वर्षं झाली. कुणी न्यायला येईल का?'

अरेरे! दर गुरुवारी तो याच खुर्चीसमोर बसत होता! आत्याला टीव्हीवरची मिस्साच आवडते, असं तो खुशाल धरून चालला होता.

"आत्या, तोंडाने का नाही बोललीस?"

"तू चिठ्ठी मागितलीस. मी चिठ्ठीत लिहिलं."

पुढच्या बैठकीत बाइंडरने राजीनामा दिला नाही. फादर आणि सगळ्या सभासदांसमोर तो मित्राला म्हणाला, "तू लोकांच्या नावाने खोटं बोललास. आणि मी तुला न वाचलेला गठ्ठा दिला. आता सगळे मिळून वाचू." प्रत्येकाने आळीपाळीने वाचलं, आत्याची चिठ्ठीही. पहारेकऱ्याची चिठ्ठी उपाध्यक्षाच्या वाट्याला आली, तेव्हा त्याने ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. सहाची मिस्सा चालू ठेवायचं ठरलं. माफी मात्र उपाध्यक्षाने मागितली नाही.

वाचकहो, विश्वासघाताचा राग येणारच, आणि जाब विचारणं हे आपलं कर्तव्यच आहे. पण नेत्यांनी आपलं ऐकावं असं वाटत असेल, तर आपणही शेजारच्याचं ऐकलं पाहिजे, आणि त्यासाठी तिथे टिकून राहिलं पाहिजे.

रविवारी साडेपाचला बाइंडर आत्याला खुर्चीत बसवून खाली न्यायला गेला, तर जिन्याशी उपाध्यक्ष उभा. खाली मान घालून म्हणाला, "खुर्चीची कुठली बाजू धरू?"

बाइंडरचा राग अजून गेला नव्हता. त्याने जड बाजू दाखवली.