वर उलटायची पानं

"काका, ही गंगा वर आणि आकाश खाली, असं कसं?"

कस्तुरीनं माझं पुस्तक एकदा सरळ धरलं, एकदा उलटं धरलं. पुस्तक म्हणजे अजून शिवलेलं नव्हतं, चिमट्यात आवळलेली अकरा जाड पानं होती. पहिल्या पानावर रामघाट सरळ. पान उलटलं की मागचा फोटो डोक्यावर उभा. पुढच्या पानाची तीच कथा. बावीस फोटोंपैकी अकरा शीर्षासन करत होते.

"चिकटवताना पाहिलं नाही का तुम्ही?"

"पाहिलं की. चांगलं मोजूनमापून चिकटवलं."

"मग?"

मी एक पान उचललं. खालची कड धरून वर नेलं आणि पलीकडं पालथं घातलं. मागचा फोटो सरळ. "अशीच उलटतात ना पानं?"

ती माझ्या हाताकडं बघत राहिली आणि मग हसत सुटली. "अहो काका, ही काय पोथी आहे? फोटोबुक आहे हे! याचं पान डावीकडं पलटतं!"

चोपन्न वर्षांच्या माणसाला पुस्तक कुठून उघडतं ते कळू नये, म्हणजे कमाल झाली. पण आमच्या घरात वाचन म्हणजे पोथी. सुट्या पानांची, आडवी, कापडात बांधलेली. शाळेत, ऑफिसात हजार पुस्तकं हाताळली असतील, पण मन लावून काही करायला बसलो की हात घरचंच करतात. शिवाय चिकटवण्याच्या कामात माझा कुणी हात धरू शकणार नाही असा मला माज होता. सरकारी इस्पितळात एकोणतीस वर्षं लोकांच्या हृदयाचे आलेख काढून पट्ट्या कार्डावर चिकटवतोय. त्यातली एकही अजून उलटी लागलेली नाही.

कस्तुरी बालाजी घाटावरच्या एका खोलीत रविवारी हातानं फोटोंची पुस्तकं बनवायला शिकवते. आमच्यासारखंच तीन-चार पिढ्या इथं गंगेकाठी मुरलेलं मराठी घर तिचं. वर्गात सगळी कॉलेजातली मुलं आणि एकटा मी. कागदातले तंतू कोणत्या दिशेनं जातात, मैद्याची खळ किती पातळ हवी, हाडाच्या पट्टीनं घडी कशी दाबायची, सगळं तिनं मला न कंटाळता सहा रविवार शिकवलं. पान कुठल्या बाजूनं उलटतं हे मात्र तिनं सांगितलं नाही. सांगावं लागेल असं तिला वाटलं नसणार.

आज गुरुवार होता. परवा सकाळच्या गाडीनं वहिनी कायमची पुण्याला निघाली होती.

मी सहा वर्षांचा असताना आई गेली. दादाचं लग्न होऊन चार महिने झाले होते. एकोणीस वर्षांच्या वहिनीच्या पदरात नवऱ्याबरोबर मीही पडलो. तिनं मला वाढवलं, म्हणजे जेवूखाऊ घातलं एवढंच नव्हे. गोवराच्या तापात ती माझ्या उशाशी बसली, इंटरला नापास झालो तेव्हा दादाच्या तडाख्यातून वाचवलं, माझं लग्न मोडलं तेव्हा वर्षभर घरात त्या मुलीचं नाव निघू दिलं नाही. दादा गेल्यावर रामघाटाच्या घरात तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहिलो. आता तिचे गुडघे संपले. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. रामघाटाला जिने बंद म्हणजे घराबाहेरचं जगच बंद. तिची मुलगी अंतरा पुण्यात लिफ्टच्या इमारतीत राहते. ती म्हणाली, आईला नेते. बरोबरच होतं ते.

आमच्यात एकमेकांचे आभार मानायची पद्धत नाही. मानायला गेलं तर समोरचं माणूस विचारतं, बरं वाटत नाही का? म्हणून मी हे पुस्तक करत होतो. आणि पुस्तक हातात देताना एक वाक्य बोलायचं ठरवलं होतं, अठ्ठेचाळीस वर्षं राहून गेलेलं.

"सोलून पुन्हा लावतो," म्हणून मी एका फोटोच्या कोपऱ्याला नख लावलं. फोटो निघाला नाही. कागद मात्र फाटला.

"काका, हात काढा!" कस्तुरी ओरडली. "गोंद पक्का झालाय. नवीन प्रिंट यायला दोन दिवस लागतात. टाइम कुठाय?"

मी खाली बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पानं घेऊन खिडकीपाशी गेली, मी केलं होतं तसं एक पान वर उलटलं, मग दुसरं.

"वर समास किती सोडलाय तुम्ही?"

"दीड बोट. चारी बाजूंना सोडलाय. पोथीला असतो."

"मग झालं तर! वरून शिवू. मतलब लांब बाजूनं. कॅलेंडरसारखं वर उघडेल. सगळे फोटो सीधे." ती परत हसली, पण या वेळी वेगळं. "मी कुणाला शिकवलं नव्हतं असं. मलाच कुठं माहीत होतं."

टोच्यानं भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं आम्ही दोघांनी ते अंधार पडायच्या आत शिवलं. माझं बोट दोनदा टोचलं. निघताना मी तिला वाकून नमस्कार केला. तिनं "काका, काय हे!" म्हणून दोन्ही कानांना हात लावले.

शुक्रवारी दुपारी पुस्तक वहिनीसमोर ठेवलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले, पाटावर पुस्तक ठेवलं आणि कुणी काही न सांगता पहिलं पान वर उलटलं. घाटांवरची आरती आणि नावा यांचे फोटो जगात पुष्कळ आहेत. मी काढले होते ते तिचे रस्ते. दहीवाल्याची फळी. गल्लीतल्या वळणावर ती हात टेकायची तो भिंतीचा गुळगुळीत दगड. चौथ्या फोटोवर ती थांबली. संकठा घाटावरची, देवळाकडं चढताना ती दम खायला टेकायची ती पायरी होती.

"ही तर माझी पायरी," ती म्हणाली. आणि पुस्तक मिटलं.

"अगं, पुढं बघ की!"

"नाही. एका दमात संपवायला काय ते मासिक आहे? तिकडं गेल्यावर पहिल्यापासून. रोज एक."

वाक्य राहूनच गेलं. गाडी सुटतानाही ते निघालं नाही. मी फक्त म्हणालो, "पाण्याची बाटली वर ठेवलीय."

तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहाला तिचा फोन येऊ लागला. "आज दहीवाला. त्याच्या फळीखाली ते मांजर असतं का रे अजून?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आलो आणि फोनवर सांगितलं, आहे, जाडं झालंय. मग मी ड्यूटी संपली की त्या दिवशीचा जो फोटो असेल तिथंच जाऊन उभा राहू लागलो. बालाजी घाटाच्या दिवशी तिनं मला बोलू दिलं नाही. "गप्प रहा जरा, घंटा ऐकू दे." चोपन्न वर्षं ज्या गल्ल्यांतून नुसता ये-जा करत होतो, त्या ती पुण्यातून मला दाखवत होती.

बाविसाव्या फोटोच्या दिवशी मला कुठं जावं लागलं नाही. शेवटचा फोटो आमच्या स्वयंपाकघराचा होता.

"कुठं आहेस?" तिनं विचारलं.

"ओट्यापाशी."

"काय केलंयस जेवायला?"

"चुरमुरे खाल्ले."

"रोज तेच खातोस ना? खिचडी टाक. फोन ठेवू नको, बाजूला ठेव."

मी फोन स्पीकरवर टाकून डब्याला टेकवून उभा केला. डाळ-तांदूळ काढले, नळाखाली धुतले. फोनकडं पाठ होती आणि हातांना काम होतं, म्हणून असेल, पण ते आपोआप निघालं.

"वहिनी, तू होतीस म्हणून माझं सगळं झालं. नाहीतर माझं कोण होतं? कधी बोललो नाही."

नळ चालूच होता. मी कुकरात पाणी मोजून घातलं, हळद टाकली. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही.

"पाणी किती घातलंस?" तिनं विचारलं. आवाज ओला होता.

"चार वाट्या."

"अर्धी अजून घाल. हळद घातलीस?"

"घातली."

कुकर लावला. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. तिसरी झाली तशी पुण्याहून आवाज आला, "बंद कर आता. दहा मिनिटं झाकण उघडू नको."

"नाही उघडत."

मी स्टूल ओढून ओट्यापाशी बसलो. ती दहा मिनिटं फोन कुणीच ठेवला नाही.